पोराबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन एका दिवसात धबधबा: मळवली-भाजे नीट कसं करायचं

जूनमधले पहिले दोन-तीन दणकून पाऊस झाले की घरात विषय निघतोच, धबधब्याला कधी जायचं. मग कोणीतरी रील दाखवतं, कोणीतरी म्हणतं देवकुंडला जाऊ, कोणी म्हणतं ताम्हिणी, आणि त्या सगळ्या चर्चेत हे कोणी विचारत नाही की आपल्यासोबत चार वर्षांचं पिल्लू आहे आणि गुडघे दुखणाऱ्या आजी पण आहेत. तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांना अख्ख्या घराला घेऊन जायचंय, म्हणजे लहान मुलं, सासू-सासरे, आई-बाबा, आत्या, सगळे, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी यायचंय.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. किती चालायचं हे घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस ठरवणार, आणि परत कधी फिरायचं हे पाणी ठरवणार. आपण ठरवायचं ते फक्त डब्यात काय न्यायचं! हे घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या भाचे-पुतण्यांना, म्हणजे तिथे जाऊन "अजून थोडं वर जाऊया ना काकू" सुरू होत नाही.

आता जागा. देवकुंड खरंच सुंदर आहे, त्यात वाद नाही, पण भिऱ्याहून आत बरंच चालावं लागतं, वाटेत ओढे लागतात, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी परत येताना कमरेएवढा असू शकतो. शिवाय भर पावसाळ्यात तिकडे बऱ्याचदा बंदीच असते. लहान मुलांसोबत मी ते सुचवणार नाही. साताऱ्याजवळचं ठोसेघर म्हाताऱ्या माणसांसाठी छान, कारण लांबून कठड्याआडून बघायचं असतं, पण मुलांना पाण्यात पाय बुडवायचे असतात आणि तिथे ते होत नाही, मग मुलं वैतागतात. ह्या दोन्हींच्या मधलं, चालणं पण होईल, पाणी पण मिळेल, आणि कोणी दमलं तर तिथेच बसवून ठेवता येईल असं ठिकाण म्हणजे मळवलीजवळचं भाजे. पुण्याहून लोकलने जाता येतं, मुंबईहून लोणावळ्याला उतरून पुण्याच्या दिशेने एक स्टेशन पुढे यायचं. स्टेशनवर उतरल्यापासून चालायला सुरुवात, त्यामुळे मुलांना पण ट्रेकला आल्यासारखं वाटतं. आणि धबधब्याच्या शेजारी दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आहेत, म्हणजे पाऊस वाढला तरी दिवस वाया जात नाही.

कधी जायचं? जुलैचे शनिवार-रविवार सोडून कधीही, असं मी म्हणेन. जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची काय अवस्था असते ते सगळ्यांना माहितीये, आणि भाज्याच्या अरुंद रस्त्यावर पण गाड्यांची रांग लागते. मधला वार जमत असेल तर उत्तम. नाहीतर श्रावणात जा, ऊन-पावसाचा खेळ चालू असतो, पाणी भरपूर असतं पण सारखं कोसळत नाही. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे गणपती उठल्यानंतरचे पंधरा दिवस. धबधबा बारीक झालेला असतो पण स्वच्छ असतो, गर्दी ओसरलेली असते, तेरडा आणि सोनकी फुललेली असते, आणि पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तेवढं पाणी पुरेसं असतं, खरं सांगायचं तर तेवढंच बरं असतं.

हवामानाचं मात्र नीट बघा, नुसतं खिडकीतून आकाश बघून निघू नका. हवामान खात्याचा अंदाज बघताना पुणे जिल्हा आणि पुणे घाट असे दोन वेगळे इशारे असतात, लोक पुण्याचा बघतात आणि म्हणतात यलो आहे, काही नाही, आणि त्याच दिवशी घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड असतो. आपल्याला घाटाचाच बघायचाय. मुसळधार म्हणजे त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार, आणि २०४.४ ओलांडलं की अत्यंत मुसळधार. लोणावळ्याच्या पट्ट्यात हे आकडे दर पावसाळ्यात गाठले जातात. घाटाला ऑरेंज किंवा रेड असेल तर जायचं नाही, विषय संपला, कितीही डबे भरून झालेले असोत. घरीच भजी करा, पुढच्या आठवड्यात जा.

आणि सरकारी आदेश पण तपासा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, त्यात चार मुलं होती. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनाच्या जागांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले, कुठे पाण्यात उतरायचं नाही, कुठल्या वेळेनंतर थांबायचं नाही वगैरे. हे आदेश दर वर्षी, कधी दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा, आणि तिथे पोलीस उभे असतील आणि नाही म्हणाले तर वाद न घालता लेणी बघून परत या. ते आपल्याच पोरांसाठी उभे असतात भर पावसात.

आता सामान. इथे लोक एक तर काहीच नेत नाहीत नाहीतर अर्धं घर उचलून नेतात. जीन्स कोणीही घालू नका, भिजली की जड होते, वाळत नाही, आणि मुलांच्या मांड्या सोलवटून निघतात. ट्रॅक पँट, नायलॉनची थ्री-फोर्थ, टी-शर्ट, बास. मुलांना भडक रंगाचे कपडे घाला, केशरी, पिवळा, लाल. हिरवा, निळा, करडा नको, कारण हिरवळीत, पाण्यात आणि कातळावर हे रंग अजिबात उठून दिसत नाहीत. छत्री घाटातल्या वाऱ्यात उलटी होते आणि एक हात अडकवून ठेवते, त्यापेक्षा रेनकोट किंवा साधा पोंचो. बूट खोल खाच असलेल्या रबरी सोलचे, झिजलेले नकोत, आणि नवेकोरे पण नकोत नाहीतर टाच सोलते. क्रॉक्स, स्लीपर हे फक्त ट्रेनमध्ये. आजी म्हणतात मला चपलेचीच सवय आहे, तर निदान मागे पट्टा असलेली सँडल घाला त्यांना, आणि एक काठी, त्या नको म्हणाल्या तरी.

प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड, आतले कपडे आणि मोज्यांसकट, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यावर नाव. सगळ्यांचे कपडे एका पिशवीत टाकले की शोधताना सगळ्यांचेच भिजतात. ह्या पिशव्या सॅकमध्ये सगळ्यात खाली आणि सॅकच्या आत आधी एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी अस्तरासारखी घाला, ती रेन कव्हरपेक्षा भारी काम करते. दोन पंचे. टॉवेल नको, पंचा लवकर वाळतो. औषधात पट्ट्या, बेटाडिन, ओआरएसची दोन पाकिटं, उलटीची गोळी, तापाचं औषध, आणि मोठ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ह्या हमखास घरी राहतात म्हणून आदल्या रात्रीच सॅकमध्ये. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. धबधब्याजवळ कितीही हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, शिट्टी ऐकू येते. घरीच शिकवून ठेवा, एक शिट्टी म्हणजे इकडे बघ, तीन शिट्ट्या म्हणजे असशील तिथून पळत आईकडे. मुलांना हा खेळ वाटतो आणि ती मन लावून पाळतात.

बायकांसाठी एक सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. ओले कपडे बदलायला तिथे धड जागा नसते. एक जुना, सैल, घेरदार गाऊन न्यायचा, तो डोक्यातून घालायचा पण हात बाह्यांत घालायचे नाहीत, आतल्या आत ओलं सगळं काढायचं, पंच्याने पुसायचं, कोरडं चढवायचं आणि मग गाऊन काढून पुढचीला द्यायचा. गाऊन गुडघ्याखाली येणारा हवा आणि सुती हवा, सिंथेटिक अंगाला चिकटतो. एका गाऊनमध्ये घरातल्या सगळ्या जणींचं काम होतं, आडोसा शोधत फिरावं लागत नाही, कोणाला ओढणी धरून उभं करावं लागत नाही. लहान मुलींना पण हेच. आणि बाथरूमचं म्हणाल तर लोकलमध्ये नसतं, त्यामुळे गाडीत चढायच्या आधी स्टेशनवर सगळ्यांनी जाऊन या, मग वाटेत एखाद्या हॉटेलात चहा घेताना विचारायचं. त्या भीतीने पाणी न पिता चालू नका, पावसात पण घाम येतो आणि डोकं धरतं.

डबा असा न्या की ओल्या हाताने, उभ्याने, ताटलीशिवाय खाता येईल. धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. आंबट दही, पातळ भाजी, बिर्याणी वगैरे नको, सांडतं आणि माकडं मागे लागतात. माकडांची गोष्ट खरी आहे, हातात पिशवी दिसली की झडप घालतात, म्हणून खायचं सगळं सॅकच्या आत आणि मुलांच्या हातात वेफर्सचं पाकीट देऊन चालायला लावू नका. एक थर्मास आल्याच्या चहाचा आणि मुलांसाठी एक गरम दुधाचा, ह्याला पर्याय नाही. कणीस, भजी, मॅगी तिथे मिळतंच, घ्या पण, गावातल्या लोकांचा तो चार महिन्यांचा धंदा आहे, पण पोटभरीचं आपलं असू द्या. आणि पाकिटं, सालं, पत्रावळ्या सगळं पिशवीत भरून परत आणायचं, ओढ्यात टाकलेलं थेट खालच्या भातखाचरात जाऊन बसतं.

निघायचं पहाटेच. पुण्याहून सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या लोकलने निघालात तर साधारण सव्वा तासात मळवली, म्हणजे लोकांच्या गाड्या एक्सप्रेसवेवर अडकायच्या आत तुम्ही भाज्यात असता. गाड्यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून परतीच्या दोन-तीन वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा, दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात, एक चुकली की स्टेशनवर ओल्या मुलांना घेऊन बसावं लागतं. परतीचं तिकीट सकाळीच काढा. कारने जाणार असाल तर मुलांच्या दृष्टीने सोपं वाटतं खरं, पण पार्किंग, जॅम, घाटात उलट्या हे सगळं धरून मला तरी लोकलच बरी वाटते, आणि अर्ध्या मुलांना धबधब्याइतकीच ट्रेन आवडते.

मळवली स्टेशनवरून बाहेर आलं की भाज्याकडे जाणारा डांबरी रस्ता आहे, तो एक्सप्रेसवेच्या वरून पुलावरून जातो, मुलं तिथे गाड्या बघत रेंगाळतात, रेंगाळू द्या पण हात धरून. पुढे दोन्ही बाजूंना भातखाचरं, समोर उजवीकडे लोहगड आणि डावीकडे विसापूर, ढग असले तर दिसत नाहीत आणि मग एकदम पडदा सरकल्यासारखे दिसतात. खाचरांच्या बांधावरून फोटोसाठी चालू नका, बांध ढासळतो आणि ज्याचं शेत आहे त्याचं पाणी निघून जातं, ऐन लावणीच्या दिवसात तर अजिबातच नाही. मुलांना लावणी लांबून दाखवा, बहुतेक शहरातल्या मुलांनी भात उभा कधी बघितलेलाच नसतो. रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात लेण्यांच्या पायथ्याशी पोचता. तिथून दगडी पायऱ्या आहेत. चढताना आजी-आजोबांना पुढे ठेवा, सगळ्यात पुढे, आणि त्यांच्या वेगाने मागचे चालतील. ते मागे राहिले की त्यांना वाटतं आपल्यामुळे सगळे थांबलेत, मग दम लागला तरी सांगत नाहीत. ज्यांना पायऱ्या जमणारच नाहीत त्यांना खाली टपरीवर बसवा, सोबत एक मोठं माणूस, थर्मास आणि कोरडी शाल, आणि पाळीपाळीने बसायचं असं आधीच ठरवा.

लेणी आधी बघा, धबधबा नंतर. सकाळी मुलं ताजी असतात, कोरडी असतात, आणि एकदा भिजल्यावर कोणालाच लेण्यांत रस उरत नाही. तिकीट काढायचं, पायताण पुसून आत जायचं. एकूण २२ लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, आणि मोठं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं सभागृह, बघण्यासारखंच आहे. मुलांना मध्ये उभं करून वर बघायला सांगा, छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, दगडाच्या नाही, खऱ्या लाकडाच्या, आणि त्या तेव्हापासूनच्या आहेत. मग खांबांकडे बघायला सांगा, ते सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत झुकलेत. कारण आधी असली सभागृहं लाकडाची बांधायचे, छताचा भार पेलायला खांब असे तिरके रोवायचे, आणि डोंगर कोरताना कारागिरांनी तीच पद्धत दगडात आणली, दगडाला तशी गरज नसताना. हे कळलं की दहा-बारा वर्षांची मुलं खांबाला डोळा लावून तिरका आहे का बघत बसतात. पुढे एकत्र कोरलेले १४ स्तूप आहेत, आणि त्याच्याही पुढच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात, भिंतीवर शिल्पं आहेत, त्यात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई शोधा, शोधून झाल्यावरच लाडू मिळेल असं सांगितलं की काम होतं. शिल्पांना हात लावायचा नाही, आणि दगडांच्या भोकांत पण हात घालायचा नाही. हे दुसरं मी जिवाच्या आकांताने सांगते, मुलं खेकडे शोधायला कपारीत बोटं घालतात आणि पावसाळ्यात तिथे साप असतात. चावलाच तर कापणं, बांधणं, चोखणं काहीही करू नका, चावलेला हात-पाय हलवू न देता सरळ दवाखाना, १०८ ला फोन.

लेण्यांच्या पुढच्या टोकाला वरून धार कोसळते, आणि खाली गावाच्या बाजूला ओढ्यावर छोटे छोटे टप्पे आहेत जिथे लोक बसतात. कुटुंबाला घेऊन बसायचं ते खालच्या, उथळ, पसरट टप्प्यावर. मोठ्या धारेखाली उभं राहायचं नाही, मोठ्यांनी पण नाही. लोकांना वाटतं वरून पाणी येतंय, पण पाण्यासोबत दगड पण येतात, लिंबाएवढा दगड पण तेवढ्या उंचीवरून डोक्यात बसला तर काय होईल विचार करा. आणि धारेच्या खाली खडकात गोल खळगे पडलेले असतात, वरून फेसात दिसत नाहीत, गुडघाभर वाटतं आणि एका पावलावर माणूस बुडेल एवढं असतं.

आता पाण्याचं. हा भाग घरातल्या सगळ्या मोठ्यांनी वाचाच.

सह्याद्री म्हणजे काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि उतार एकदम उभे. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, जागच्या जागी धावत सुटतं. त्यामुळे आपण बसलोय तिथे ऊन असतं आणि वर पठारावर ढग फुटल्यासारखा पडत असतो, आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. ते येताना सांगून येतं पण लक्ष असलं तर. पहिली खूण रंग, पारदर्शक पाणी चहासारखं लालसर व्हायला लागतं. दुसरी खूण कचरा, काटक्या, पालापाचोळा, फेसाचे गोळे एकदम वाढतात. तिसरी आवाज, खळखळ होती ती जाऊन घरघर येते, छातीत जाणवते. ह्यातली एक जरी दिसली तरी तीन शिट्ट्या आणि सगळे बाहेर, चपला राहिल्या तर राहू द्या. बाहेर म्हणजे काठावर पण नाही, उतारावर वरच्या बाजूला, दोन पुरुष उंचीचं तरी अंतर.

ह्यासाठी एक सोपी गोष्ट करायची. पोचल्या पोचल्या, पाणी जिथे काठाला टेकतंय बरोबर तिथे एक मुठीएवढा दगड ठेवायचा, शेजारी मातीत एक काडी रोवायची, आणि आजोबांना तिथून जरा वर, सुरक्षित जागी बसवून सांगायचं की बाबा, तुम्ही ह्या दगडावर लक्ष ठेवा. दर पाच-दहा मिनिटांनी बघायचं. दगड अर्धा बुडाला की निघायचं, कोणाची वाट बघायची नाही. आजोबांना काम मिळतं, आणि ते काम कोणीही इतक्या इमानेइतबारे करत नाही जितकं आजोबा करतात. एरवी सगळे फोटोत गुंग असतात आणि पाणी बोटभर बोटभर वाढताना डोळ्यांना कळतच नाही.

बसायची बाजू पण विचार करून निवडा. ज्या काठाला परतीची वाट आहे त्याच काठावर बसायचं. ओढा ओलांडून पलीकडची छान मोकळी जागा दिसते, रिकामी असते, आणि ती रिकामी का आहे ते पाणी वाढल्यावर कळतं. वाहत्या पाण्यात मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी जात असेल तर त्या मुलाची जागा ती नाही. आणि पाण्यात असताना एका मुलामागे एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवायचं, चिन्मय आत्याकडे, सई बाबाकडे. "सगळे बघतायत ना" म्हटलं की कोणीच बघत नसतं. मूल सोपवलेल्या माणसाचा मोबाईल सॅकमध्ये. फोटो काढायचे असतील तर आधी मूल दुसऱ्याच्या हातात द्या, तोंडाने सांगून द्या, "घे, आता तुझ्याकडे", आणि मग फोन काढा. माणसं एकमेकांना धरून साखळी करून पाण्यात उभी राहतात आणि त्यांना सुरक्षित वाटतं, पण खालचा कातळ शेवाळलेला असतो, एकाचा पाय सुटला की साखळीच जाते. पाणी वाढतंय असं वाटलं की उभं राहून अंदाज घ्यायचा नाही, चालायला लागायचं.

दारू प्यायलेला घोळका शेजारी येऊन बसला तर उठा आणि जागा बदला, भांडू नका, बायका-मुलं सोबत असताना तो वाद नको. काही झालंच तर ११२. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही बचावकार्य करणारी मंडळी आहेत, डोंगरात, पाण्यात अडकलेल्यांना काढायला तीच धावतात, पोलिसांना फोन केला की त्यांच्यापर्यंत निरोप जातो. पोहता येतं म्हणून आपल्यातल्या कोणी मागे उडी मारू नये, हे तरुण पोरांना ठामपणे सांगा. पंचा, ओढणी, काठी, काय हाताशी असेल ते काठावरून फेका.

मुलांना पाण्यात किती वेळ? मी घड्याळ बघत नाही, ओठ बघते. ओठ काळेनिळे व्हायला लागले, दात वाजायला लागले की बाहेर, ते "नाही ना, अजून थोडं" म्हणणारच. घाटातला वारा ओल्या अंगाला लागला की ऊब फार झपाट्याने जाते, मूल आधी थरथरतं आणि मग एकदम गप्प होतं. गप्प झालेलं मूल हे दमलेलं मूल आहे असं समजून बसवून ठेवू नका. लगेच ओलं सगळं उतरवा, डोकं कोरडं करा, कोरडे कपडे, मोजे, गरम दूध, आणि पोटाशी धरून बसा. डोक्याला टोपी किंवा रुमाल. मग धपाटे द्या, त्या वेळी जे धपाटे जातात तसे घरी कधीच जात नाहीत.

घरात दहा वर्षांच्या पुढची दमदार मुलं असतील आणि पाऊस उघडलेला असेल तर एक तुकडी पुढे लोहगडच्या वाटेला जाऊ शकते. भाज्यातून गायमुख खिंडीपर्यंत दीड-दोन तास चढ आहे, रस्ताच आहे बराचसा, मग लोहगडवाडी आणि तिथून गडाच्या पायऱ्या, चार दरवाजे ओलांडत वर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत शिवरायांचे जे १२ किल्ले गेले त्यात लोहगड आहे. पण हे एका दिवसात धबधबा, लेणी आणि गड असं तिन्ही लहान मुलांसोबत करू नका, ओढाताण होते. गडाचा वेगळा दिवस ठेवा. आणि विसापूरला पाण्याच्या पायऱ्यांची जी वाट आहे, जिथून पायऱ्यांवरून धबधबा वाहत येतो आणि ज्याचे रील फिरतात, ती मुलं आणि म्हाताऱ्यांना घेऊन अजिबात नाही. दिसते पायऱ्यांसारखी, पण वाहत्या पाण्यात उतरताना पाय कुठे टाकतोय ते दिसत नाही.

एक-दीडच्या सुमारास आवरायला लागा, तोपर्यंत गर्दी पण वाढलेली असते आणि खालून येणारे लोंढे आणि उतरणारे आपण अशी पायऱ्यांवर ढकलाढकली होते. उतरताना पडतात लोक, चढताना नाही. गुडघ्यांना उतरणं जास्त त्रासाचं, म्हणून आजींनी पायरीवर पाऊल आडवं टाकायचं, काठी आधी खालच्या पायरीवर टेकवायची मग पाय, आणि एक तगडा माणूस त्यांच्या एक पायरी खाली, मागे नाही. झोप आलेलं मूल खांद्यावर घेऊन ओल्या पायऱ्या उतरू नका, पाठीवर कापडाने बांधा किंवा हात धरून चालवा, आपला निदान एक हात मोकळा हवा. निघताना माणसं मोजा, स्टेशनवर मोजा, गाडीत चढल्यावर परत मोजा. सकाळी निघतानाच सगळ्या मुलांचा एक फोटो काढून ठेवा, कुठले कपडे घातलेत ते, गर्दीत एखादं इकडेतिकडे झालं तर वर्णन करत बसावं लागत नाही. आणि हातावर पेनाने नाही, मार्करने आईचा फोन नंबर. पेन पावसात जातं.

घरी आल्यावर आधी सगळ्यांना गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, पायाची बोटं नीट कोरडी करून, कुठे खरचटलंय का बघून त्यावर औषध. बुटांतले सोल काढून आत वर्तमानपत्र कोंबा, रात्री एकदा बदला, सकाळपर्यंत बरेच वाळतात. ओले कपडे पिशवीत तसेच ठेवून झोपू नका, दुसऱ्या दिवशी काळे ठिपके पडलेले असतात ते जात नाहीत. आणि पुढचे दोन-तीन आठवडे घरात कोणाला ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर साधी सर्दी म्हणून घरी काढू नका, डॉक्टरांकडे जा आणि आवर्जून सांगा की आम्ही अमुक तारखेला पावसाच्या वाहत्या पाण्यात खेळलो होतो, पायाला खरचटलेलं होतं. पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, असतो, आणि पाण्याचं सांगितलं की डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात येतं, लवकर कळलं तर औषधाने बरा होतो.